गोंगाट कोणाचा? ‘ब्लॅक सॅबथ’च्या पहिल्या तबकडीच्या निमित्ताने

या पानांवर कविता, आत्मकथने, शाहिरी आणि वैचारिक लेखन यांची चिकित्सा होत आली आहे. तेथे बर्मिंगहॅमच्या चार गोऱ्या पोरांनी १९७० साली काढलेल्या एका कर्कश तबकडीवर लेख कशासाठी, असा प्रश्न वाचक विचारतील. कार्यकर्ते तर नक्कीच विचारतील, आणि त्यांनी तो विचारलाच पाहिजे. माझे उत्तर लेखभर विखुरलेले आहे. ते पटले नाही तर निलंग्याला यावे, भांडावे. मी सेवानिवृत्त मास्तर आहे, वेळ भरपूर आहे.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या जुलै अखेरीस, अण्णा भाऊ साठे जयंतीच्या तयारीची बैठक आटोपून मी निलंग्याच्या बसस्थानकावर बसलो होतो. माझा एक जुना विद्यार्थी कानात गुंड्या घालून मान हलवीत होता.

“काय ऐकलालास रे?” मी विचारले.

“ऐका की सर,” म्हणत त्याने एक गुंडी माझ्या कानात अडकवली. “ह्यो गाणारा परवा मेला. लई जुनं हाय, पर ऐका.”

आधी पाऊस ऐकू आला. मग लांब कुठे तरी टोल देणारी घंटा, मग गडगडाट. आणि त्यानंतर गिटारचे तीन स्वर, इतके संथ आणि इतके जड की स्थानकावरचा गलका मागे पडला. मला एकदम माझा बा आठवला. तिरडीपुढे हलगी वाजवताना बा असाच ठोका द्यायचा. एक ठोका पडला की दुसरा येईपर्यंत माणसाने श्वास रोखून धरावा. लग्नातली हलगी नाचवते. मयतीची हलगी चालायला लावते. या पोरांना ही चाल कोठे सापडली, हे मला शोधावेसे वाटले. गेले काही महिने मी तेच करीत होतो.

ज्या गायकाच्या मृत्यूची बातमी त्या पोराने दिली तो ओझी ऑस्बोर्न २२ जुलै २०२५ रोजी वारला. त्याआधी अवघे सतरा दिवस, ५ जुलैला, तो आपल्या जुन्या साथीदारांसह बर्मिंगहॅममध्ये शेवटचे गायला होता. गिटारवादक टोनी आयोमी, बास गिटार वाजवणारा गीझर बटलर आणि ड्रम वाजवणारा बिल वॉर्ड हे ते तिघे साथीदार. चौघेही बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन या कामगार वस्तीत वाढलेले. ओझीचा बाप कारखान्यात रात्रपाळी करणारा हत्यार-कारागीर. स्वतः ओझीने मोटारीचे भोंगे जुळवण्याचे काम केले, कत्तलखान्यात काम केले, घरफोडीसाठी काही आठवडे तुरुंगही भोगला. कत्तलखाना आणि तुरुंग या दोन शाळांतून आलेला गायक आपल्या वाचकांना परका वाटू नये.

१९६९ साली या चौघांना कोणी ओळखत नव्हते. १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या एका स्टुडिओत त्यांना एक दिवस मिळाला. सुमारे बारा तासांत त्यांनी जवळजवळ सगळी तबकडी वाजवून टाकली. पाऊस आणि घंटा नंतर जोडले. १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, ‘ब्लॅक सॅबथ’ या नावाने ती बाजारात आली. ज्याला पुढे ‘हेवी मेटल’ म्हणू लागले, म्हणजे जड धातूचे संगीत, त्याची सुरुवात बहुतेक जाणकार या तबकडीपासून धरतात. धातूचे हे नाव कोणी कशावरून दिले याच्या पुष्कळ कथा आहेत. मला त्यांत रस नाही. या संगीताचा धातूशी खरा संबंध आहे तो वेगळ्याच जागी, आणि तो रक्ताचा आहे.

आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तो त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. यंत्रावरचा नेहमीचा कामगार आला नाही म्हणून याला तेथे बसवले. यंत्राने उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोके नेली. आयोमी डावखुरा असल्यामुळे तार दाबायचा हात हाच. म्हणजे वाजवणाराच गेला म्हणायचा. तेव्हा कारखान्यातल्या त्याच्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. १९२८ साली तांड्यातल्या गाडीला आग लागून राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती. तरी तो उरलेल्या बोटांवर युरोपातला थोर गिटारवादक झाला. हा राइनहार्ट रोमा होता. रोमांची भाषा मूळची आपल्याकडची आहे, आणि ‘रोम’ या शब्दाचे नाते ‘डोम’ या जातिनामाशी जोडणारे भाषापंडित आहेत. गावकुसाबाहेरचा माणूस किती लांब जाऊन, कोणाच्या उपयोगी पडतो पाहा.

आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या. प्लास्टिक तारेवरून घसरे, म्हणून जुन्या जाकिटाचे चामडे कापून त्यावर चिकटवले. जाड तारा दाबवेनात, म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. गुंतागुंतीच्या स्वरसंगती बोटांना जमेनात, म्हणून दोन-दोन स्वरांच्या सरळ, ठोकळ संगती घेतल्या, आणि त्याच भोंग्यातून दणाणून सोडल्या. पुढे १९७१च्या तिसऱ्या तबकडीपासून त्याने ताराच सैल केल्या. सैल तार खाली, खर्जात जाते. आज जगभर हजारो वादक, ज्यांची दहाही बोटे शाबूत आहेत, ते या खर्जासाठी तारा उतरवतात. त्यांच्या शैलीच्या मुळाशी एका कामगाराची जखम आहे.

सौंदर्यशास्त्राची पुस्तके शैलीची चर्चा करताना प्रतिभा, परंपरा, संस्कार यांची नावे घेतात. हाताचे नाव कोणी घेत नाही. हात कशाने भंगला, त्याला काय झेपते, यातूनही शैली घडते. आमच्या आत्मकथनांची वाक्ये तुटक का, असे विचारणाऱ्या समीक्षकांना मला नेहमी हेच सांगावेसे वाटत आले आहे. दिवसभर रोजगार करून कंदिलाखाली लिहिणाऱ्याचे वाक्य लांब होत नसते.

आता गोंगाटाकडे येतो. ही तबकडी निघाली तेव्हा इंग्लंडमध्ये ती विक्रीत आठव्या क्रमांकापर्यंत गेली, म्हणजे लोकांनी ती उचलली. पण मान्यवर समीक्षकांनी तिला झोडपले. अमेरिकेच्या ‘रोलिंग स्टोन’सारख्या नियतकालिकाने तिची टर उडवली. आवाज फार, कला कमी, असा एकूण सूर. हा सूर आपल्या ओळखीचा आहे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला तेव्हा, आणि त्यानंतर दलित साहित्याच्या प्रत्येक पुस्तकाला, आक्रस्ताळे, कर्कश, प्रचारकी ही विशेषणे मिळालीच. ज्याच्या कानाला शांतता परवडते तो दुसऱ्याच्या आवाजाला गोंगाट म्हणतो.

मी स्वतः हा शब्द एकदा ऐकला आहे. जानेवारी १९८३. मी अकरावीत होतो. महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन होते. वाद्यवादनाच्या स्पर्धेत आम्ही मांगवाड्यातली तीन पोरे हलग्या घेऊन उतरलो. बाने स्वतः वाळला पाला पेटवून हलग्या शेकून दिल्या होत्या. कातडे तापून ताणले की टिपरू पडताच हलगी खणखणते. गार पडली की बोलत नाही. त्याने आम्हाला दोन महिने शिकवले होते आणि मंडपाच्या कडेला ऐकायला उभा होता. आम्ही वाजवून थांबलो. परीक्षक म्हणाले, हा गोंगाट वरातीत ठीक आहे, येथे वाद्य आणा. लोक हसले. आम्हाला गुण दिले नाहीत. त्या महाविद्यालयाचे नाव लिहिण्यात अर्थ नाही. कोणत्याही महाविद्यालयात तेव्हा हेच घडले असते.

बा त्यावर एक शब्द बोलला नाही. पुढे त्याच वर्षी पोळा आला. मानाच्या बैलांपुढे हलगी वाजवायला पाटलाचा माणूस बोलवायला आला. बा उंबऱ्यातूनच म्हणाला, “मालकाला सांग, ज्याला तुमी वाद्य म्हणत न्हाईत ते तुमच्या बैलाम्होरं कशाला पायजे?” त्यानंतर आम्हाला गिरणी बंद झाली, दुकान बंद झाले, मजुरी बंद झाली. पावणेदोन महिने आम्ही निलंग्याहून दळण आणले. बाने हलगी खुंटीला टांगली ती टांगलीच. ज्यांना विद्रोह म्हणजे काय याची व्याख्या हवी असेल त्यांनी ती पुस्तकात शोधावी. मी ती उंबऱ्यात पाहिली.

त्या तबकडीच्या आरंभीच्या तीन स्वरांविषयी थोडे थांबून बोलायला हवे. घरात पेटी असेल त्याने वाजवून पाहावे: सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम. बस, एवढेच. सा आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या या अंतराला युरोपातल्या संगीतपंडितांनी सैतानाचे अंतर असे नाव देऊन ठेवले होते. ते टाळावे, निदान लगेच सोडवावे, अशी शिकवण होती. म्हणून गाणे सुरू होताच इंग्लंडच्या श्रोत्याला भय वाटते. आपल्याकडे हाच तीव्र मध्यम यमनात संध्याकाळी आळवतात, देवघरात आळवतात, आणि कोणाला त्यात सैतान दिसत नाही. स्वर तोच. मंगल-अमंगल ठरवणारे वेगळे. आमची हलगी लग्नात शुभ असते, मयतीत आवश्यक असते, आणि स्पर्धेच्या मंडपात गोंगाट असते. वाजवणाऱ्याला मात्र तिन्ही ठिकाणी अंतर राखूनच उभे करतात.

येथपर्यंत मी या तबकडीच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू.

आवाजाने जे सांगितले ते या चौघांच्या शब्दांनी सांगितले नाही. शब्दांत काय आहे? काळी आकृती, सैतान, जादूगार, स्वप्ने, प्रेमात पडलेला सैतानच पुन्हा. ‘ब्लॅक सॅबथ’ हे नाव मुळात मारियो बाव्हाच्या १९६३च्या एका भयपटाचे. त्याच्या खेळाला लागलेली रांग पाहून या पोरांच्या मनात आले की लोक घाबरण्यासाठी पैसे मोजतात, तर आपणही घाबरवावे. हिशेब चोख होता. कंपनीने त्यावर कडी केली. वेष्टनावर जुन्या पाणचक्कीसमोर काळ्या वस्त्रातली बाई, आणि आतल्या घडीवर उलटा क्रूस. तो क्रूस या चौघांना न विचारताच छापला होता, आणि तो त्यांना आवडलाही नव्हता. पण माल खपला. ज्या पोराची बोटे यंत्राने खाल्ली त्याच्या तबकडीत यंत्र नाही, मालक नाही, पाळी नाही, पगार नाही. आहे तो सैतान. सैतानाला शिव्या देण्याने किंवा त्याला बोलावण्याने कोणाचा कारखाना बंद पडत नाही. त्यामुळे सैतान विकायला सर्वांनाच सोयीचा.

असे म्हणावे तर एक पुरावा आडवा येतो. त्यांनी एक गाणे केले होते, ‘विकेड वर्ल्ड’, म्हणजे दुष्ट जग. त्यात युद्ध आहे, लोकांना मरायला पाठवणारे पुढारी आहेत, पोटासाठी राबणारी आई आहे. हे गाणे इंग्लंडच्या तबकडीत घेतलेच नाही. जानेवारी १९७० मध्ये निघालेल्या एका छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूला ते टाकले. पुढच्या बाजूला होते ‘इव्हिल वुमन’, दुसऱ्या एका वाद्यवृंदाचे, एका बाईला बोल लावणारे गाणे. तेच मोठ्या तबकडीतही आले. अमेरिकेच्या आवृत्तीत मात्र हे बाईचे गाणे काढून दुष्ट जगाचे घातले. म्हणजे बर्मिंगहॅमच्या कामगाराने आपल्या देशातल्या दुकानातून ही तबकडी घेतली तर त्याला दुष्ट बाई मिळे, दुष्ट जग मिळत नसे. याला मी योगायोग म्हणायला तयार आहे. पण असे योगायोग नेहमी एकाच दिशेने पडतात, हेही नमूद करतो.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघालेल्या दुसऱ्या तबकडीत त्यांनी युद्धखोर सेनापतींवर थेट गाणे केले. म्हणजे त्यांना दिसत नव्हते असे नाही.

काही गोष्टी मात्र दिसल्याच नाहीत. हा वाद्यवृंद सुरू झाला तेव्हा नावातच ‘ब्लूज’ होते. ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचे, गुलामांच्या नातवंडांचे गाणे. या तबकडीच्या शेवटचे दहा मिनिटांचे ‘वॉर्निंग’ हे ब्लूजच आहे. ते मला कंटाळवाणे वाटते. आयोमी मधेच एकटा सुटतो आणि परत येण्याची घाई करीत नाही. पण कंटाळा बाजूला ठेवू. काळ्यांचे गाणे घेणाऱ्या या पोरांच्या वस्तीपासून काही मैलांवर स्मेदिक नावाचे गाव आहे. तेथे १९६४ची निवडणूक उघड वर्णद्वेषावर लढवली गेली. काळ्या आणि आशियाई लोकांना घरे मिळू नयेत अशी खटपट चालली होती. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी माल्कम एक्स त्या गावात येऊन गेला. त्याला बोलावले होते तेथल्या भारतीय मजूर संघटनेने. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला. एप्रिल १९६८ मध्ये इनॉक पॉवेलने स्थलांतरितांविरुद्धचे आपले कुप्रसिद्ध भाषण केले तेही बर्मिंगहॅममध्येच. अशा शहरात, अशा वर्षांत, काळ्यांच्या गाण्यावर उभी राहिलेली तबकडी काळ्या शेजाऱ्याविषयी गप्प आहे. १९७२ साली मुंबईत ज्यांनी ब्लॅक पँथरकडे पाहून दलित पँथर उभी केली त्यांनी निदान ऋण कोणाचे आहे हे नावातच सांगितले.

आणखी एक भेद विसरता येत नाही. आयोमी कारखाना सोडू शकत होता, त्याने सोडलाही. त्या जाकिटाचे चामडे कोणी कमावले, बोटाला लावले तर विटाळ होईल काय, असे अ‍ॅस्टनमध्ये कोणी विचारले नाही. जात ही माणसांनाच कप्प्यांत कोंडते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले. आमच्याकडे कातड्याचे वाद्य वाजवणाऱ्याला मान मिळतो, पण ते मढवणाऱ्याला मंडपात जागा नसते. टी. एम. कृष्णा यांनी मृदंग बनवणाऱ्यांवर २०२० साली ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिले. ते शिक्षकांनी मिळवून वाचावे. बाची हलगी कलाही होती आणि वेठही होती. दोन्ही एकाच कड्याला मढवलेल्या.

आपल्या मुंबईतही या प्रकारच्या संगीताचा एक पहिला प्रयत्न झाला. १९८४ साली सुरू झालेल्या ‘रॉक मशीन’ या वाद्यवृंदाची पहिली तबकडी १९८८ मध्ये आली. तिचे नाव ‘रॉक अँड रोल रेनेगेड’, म्हणजे या संगीताचा बंडखोर. वादन तयारीचे आहे, मेहनत खरी आहे. त्या काळी इंग्रजीत स्वतःची गाणी करणे हेच धाडस होते, तेही मान्य. पण त्याच वर्षीच्या ५ फेब्रुवारीला ‘रिडल्स’च्या प्रश्नावर त्याच मुंबईच्या रस्त्यांवर आपला प्रचंड मोर्चा निघाला होता. गिरणी संपाच्या पराभवानंतरचे ते शहर. त्या शहरातला हा बंडखोर नेमके कोणाविरुद्ध बंड करतो, ते तबकडीवरून कळत नाही. अ‍ॅस्टनच्या पोरांनी शब्द सैतानाकडून उसने घेतले, पण आवाज स्वतःच्या हाताचा होता. येथे आवाजही उसना आला. पुढे हेच वादक ‘इंडस क्रीड’ झाले आणि तबला-सारंगीकडे वळले. ते वेगळे प्रकरण आहे.

याउलट अलीकडे मुंबईत कबीर शाक्य यांच्या ‘धम्मा विंग्ज’ने गिटारवर बुद्ध-भीमाची गाणी आणली, आणि चेन्नईत २०१८ पासून ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ने पराई आणि गिटार एका मंचावर उभे केले. पराई हे आपल्या हलगीचेच तमिळ भावंड. तिच्यावरूनच परय्यर हे जातीचे नाव आले असे मानतात. ज्या वाद्याने जात चिकटवली तेच वाद्य ‘जातीविना’ म्हणवणाऱ्यांच्या हातात आहे.

आमच्या जयंतीच्या बैठकीतला वाद हाच होता. त्या विद्यार्थ्याचे आणि त्याच्या मित्रांचे म्हणणे, मिरवणुकीत भाड्याचा डीजे नको, मंचावर हलगी आणि गिटार एकत्र वाजवू. जुने कार्यकर्ते उसळले. बापजाद्यांनी बहिष्कार सोसून जी खाली टाकली ती तुम्ही हौसेने उचलणार? त्यांचा संताप मला समजतो, त्यात माझ्या घरचे पावणेदोन महिने आहेत. पण माझे मत पोरांच्या बाजूने पडले, आणि त्याला ही तबकडी थोडी कारण आहे. बाने हलगी टाकली नव्हती. बाने बैलांपुढची जागा टाकली होती. हलगी त्याने खुंटीला जपून ठेवली होती. फक्त एक अट मी पोरांना घातली: शब्द स्वतःचे लिहा, आणि त्यांत सैतान नको, नाव-गाव हवे. “लिव्हतो की सर,” ते म्हणाले. अजून लिहून दाखवलेले नाही.

गेल्या वर्षी ते जमले नाही, डीजेच लागला. यंदासाठी मुलगा बाची हलगी मागायला आला. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात आमची खुंटीची भिंत पडली होती. ढिगाऱ्यातून हलगी निघाली तेव्हा कातडे फाटलेले होते, कडे तेवढे शाबूत. ते मी पत्र्याच्या पेटीत ठेवले होते, ते त्याला दिले. आता हलगी मढवणारे आमच्या वाड्यात कोणी उरले नाही. औराद शहाजानीकडे एक म्हातारे आहेत असे कळले आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे तिकडे जाऊन येणार आहोत.